जॅकेट वॉटरप्रूफ आहे, मग आतून भिजलो कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोज सायकलने ऑफिसला जाऊन-येऊन २४ किलोमीटर, रविवारी ८०-१०० किलोमीटरची राईड. गेल्या वर्षी '१०,००० मिलिमीटर' असं लेबल असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घेतलंत. पहिले काही महिने छान गेले, आता अर्ध्या तासात आतला शर्ट ओलाचिंब होतो. म्हणून विचारताय की २०,००० वालं घेऊ, की जॅकेटचा नादच सोडून देऊ?

आधी मीच उलट विचारतो. शर्ट ओला होतोय तो पावसाने की घामाने? तुम्ही हे लिहिलेलं नाही, आणि बहुतेक जण तपासतही नाहीत. तपासायला एक कोरडा दिवस पुरतो. पाऊस नसताना तेच जॅकेट घालून, झिप गळ्यापर्यंत लावून, त्याच रस्त्याने त्याच वेगाने जाऊन या. शर्ट तितकाच ओला झाला तर पाऊस निर्दोष. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हसावं की रडावं कळेना, कारण तोवर त्याच तक्रारीपायी दोन जॅकेटं बदलून झाली होती.

ओल कुठे आहे यावरूनही अंदाज येतो. पाऊस आत शिरतो तेव्हा जागा धरून शिरतो: झिपेच्या रेषेत, गळ्याशी, मनगटाशी, खांद्यावर सॅकचा पट्टा दाबतो तिथे. घामाची ओल पसरट असते. पूर्ण पाठ, आणि विशेष म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हात, कारण बाहीत हवा खेळत नाही. बाहीचं आतलं कापड हाताला चिकटत असेल तर ते बहुधा तुमचंच पाणी आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यांच्याभोवती आहे. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत नेला तर साधारण १० मीटर उंचीपर्यंत कापड पाणी आत येऊ देत नाही. पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. मोठा दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली किंवा आपण ओल्या जागी बसलो तर बुडाखाली. म्हणजे सायकलवर पाऊस अडवायला तुमचं जॅकेट नवं असताना पुरेसं होतं, आणि २०,००० ने त्यात फार भर पडणार नाही. पाठीवर रोज लॅपटॉपची जड सॅक असेल तर थोडा फरक पडेल, इतकंच.

लेबलवर दुसराही एक आकडा असतो, ज्याकडे लोक कमी बघतात. चौरस मीटरमागे २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, हे तो सांगतो. इथे जरा हिशेब करा. २०,००० ग्रॅमवालं कापड चांगलं मानतात. २४ ने भागलं की तासाला सुमारे ८३० ग्रॅम. १०,००० वालं असेल तर ४१५, आणि ५,००० वालं असेल तर जेमतेम २१०. जोरात सायकल चालवणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम सहज येतो. त्यातला अर्धाच जॅकेटखाली येतो असं धरलं तरी ५०० ग्रॅम. म्हणजे ५,००० वालं कापड चढावर पाय मारणाऱ्या माणसापुढे कागदावरच हरलं. १०,००० वालंही काठावर.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतलं. वाफ बाहेर जाते ती कापडाच्या मर्जीने नाही, आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. त्वचेजवळची हवा ३३ अंशांची आणि घामाने पूर्ण भरलेली धरली तर तिथला वाफेचा दाब ५ किलोपास्कलच्या आसपास असतो. बाहेर ८ अंशांचा गार पाऊस असेल तर तिथला दाब फार तर १.१. बाहेर २६ अंशांचा उबदार पाऊस असेल तर जवळजवळ ३.४. पहिल्या वेळी वाफेला बाहेर रेटणारा फरक चारच्या घरात, दुसऱ्या वेळी दीडच्या. तेच जॅकेट, तोच घाम, पण उबदार पावसात रेटा निम्म्याहूनही कमी. थंडीत वेगळीच गंमत होते: रेटा भरपूर असतो, पण कापडाचा आतला पृष्ठभागही गार पडतो आणि वाफ बाहेर पोचायच्या आत तिथेच थेंब धरते. ज्यांना एखादं जॅकेट 'जादू' वाटतं आणि ज्यांना तेच 'प्लास्टिकची पिशवी' वाटतं, ते दोघेही खरं बोलत असतात. त्यांचं हवामान वेगळं असतं.

शिवाय वाफेचा हा आकडा काढायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि एकीचा निकाल दुसरीशी जुळत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून '१५,००० पेक्षा २०,००० चांगलं' म्हणण्यात अर्थ नाही. काही जण 'आरईटी' नावाचा आकडा देतात. तो वाफेला होणारा विरोध मोजतो, म्हणून तिथे कमी आकडा चांगला. ६ च्या खाली असेल तर मेहनतीच्या कामाला उत्तम.

मग तुमचं जॅकेट आधी चांगलं होतं आणि आता बिघडलं, ते कसं? माझा संशय सगळ्यात बाहेरच्या थरावर आहे. ही जॅकेटं थरांची असतात. मधे पातळ पडदा, म्हणजे मेंब्रेन, आणि त्याला चिकटवलेलं बाहेरचं कापड. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी झटक्यात ओढून पाहिली, आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ मिळाला. त्याचं कापड १९७६ पासून गोर-टेक्स म्हणून विकलं जाऊ लागलं. कंपनी सांगते की ही छिद्रं पाण्याच्या थेंबाच्या २०,००० पट लहान आणि वाफेच्या रेणूच्या ७०० पट मोठी असतात. आज इतर अनेक कंपन्यांचे पडदे आहेत, काही छिद्रांचे, काही बिनछिद्रांचे पॉलियुरेथेनचे. पडदा कुठलाही असो, बाहेरच्या कापडाला पाणी झटकणारा लेप द्यावाच लागतो. नव्या जॅकेटवर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात ते या लेपामुळे.

लेप झिजला, किंवा त्यावर धूळ, घाम, रस्त्यावरचं तेलकट पाणी आणि साबणाचा अंश साचला, की मणी होणं बंद होतं. बाहेरचं कापड पाणी पितं आणि काळपट होऊन अंगाला लोंबतं. पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत येत नसतं. पण पडद्याच्या बाहेर आता ओल्या कापडाचं पांघरूण आहे, त्यामुळे वाफ जाणार कुठे? आत घाम साचतो, वर गार ओलं कापड टेकतं, आणि आपण म्हणतो, 'जॅकेट गळतंय!' रोज सॅक लावणाऱ्यांच्या जॅकेटवर हा बदल आधी खांद्यावर आणि कमरेवर दिसतो, पट्टे घासतात तिथे.

तेव्हा नवीन घेण्याआधी आहे ते धुवा. खरंच धुवा. 'धुतलं तर वॉटरप्रूफपणा जातो' म्हणून वर्षभर न धुतलेली जॅकेटं मी पाहिली आहेत. त्यांचा वॉटरप्रूफपणा मळानेच गेला होता. या कपड्यांसाठी वेगळा द्रव साबण मिळतो, तो वापरा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो कापडावर पाणी ओढणारा थर सोडतो. सगळ्या झिपा लावून, ३० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, आणि नंतर दोनदा खळबळून. वाळलं की लेपाला थोडी ऊब द्यावी लागते. आतल्या लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, नाहीतर वर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री. मग नळाखाली धरा. मणी परत आले तर तुमची खरेदी वाचली. नाही आले तर लेपाचा स्प्रे किंवा धुताना घालायचा द्रव मिळतो, तो एकदा करून पाहा. अलीकडे फ्लोरिनवाली रसायनं टाळून केलेले लेप आले आहेत. पर्यावरणासाठी ते बरे, पण तेलकट मळ त्यांना लवकर धरतो, म्हणून अशी जॅकेटं जरा जास्त वेळा धुवावी लागतात.

याने भागलं नाही तर आतून बघा. अस्तराच्या जागी चिकट, पापुद्रे सुटलेला थर दिसला किंवा शिवणीवरची पट्टी उचकटली असेल तर मात्र ते जॅकेट संपलं. ओलंच गुंडाळून सॅकमध्ये दिवसेंदिवस ठेवलेली हलकी जॅकेटं बहुतेक अशीच जातात.

आता नवीन घ्यायची वेळ आली असं समजू. इथे तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: पाऊस किती गार, तुम्ही पाय किती जोरात मारता, आणि ओलं होऊन किती वेळ बाहेर राहणार. ऑफिसचे १२ किलोमीटर म्हणजे पाऊण तास, शेवटी कोरडे कपडे तयार. तिथे थोडं भिजलात तरी काही बिघडत नाही. रविवारी चार-पाच तास, मधे चढ, मग लांब उतार. तिथे भिजण्यापेक्षा गारठणं धोक्याचं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि उतारावर वाराही असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब सायकल राईडमध्ये, रात्री पाऊस लागला. चढ सुरू होता. आळसाने मी झिप गळ्यापर्यंत लावलेली तशीच ठेवली, कारण 'पाऊस आत यायला नको'. माथ्यावर पोचलो तेव्हा पाऊस आत नव्हता, पण मी आतून पिळून काढण्यासारखा झालो होतो. पुढे बारा किलोमीटरचा उतार. तिसऱ्या किलोमीटरला दात वाजायला लागले, सहाव्याला बोटं ब्रेक दाबेनात. उतरून सायकल ढकलत चालत राहिलो, ऊब यावी म्हणून. ३०० किलोमीटरला २० तासांची मुदत असते, त्यातला जवळजवळ एक तास तिथे गेला. तेव्हापासून चढाला झिप बेंबीपर्यंत उघडी, पाऊस आत आला तरी चालेल. माथ्यावर थांबून झिप बंद, मगच उतार. त्या रात्रीचं जॅकेट चांगल्या नावाचं आणि भारी आकड्याचं होतं. चूक माझी होती.

म्हणूनच मी कापडाच्या आधी हवा बघतो. झिप दोन्ही टोकांनी उघडते का? खालून चार बोटं उघडली की पोटापाशी वारा खेळतो आणि छाती झाकलेली राहते. काखेत झिपा आहेत का? पाठीवर झाकणाखाली जाळी आहे का? सायकलवर आपण सतत वाऱ्यात असतो, आणि काखेतली एक झिप जितकी वाफ बाहेर काढते तितकी कुठलाच पडदा काढू शकत नाही. उबदार पावसात तर मी मध्यम कापडाचं पण मोठ्या झरोक्यांचं जॅकेट भारी पडद्याच्या बंद जॅकेटपेक्षा केव्हाही आधी उचलेन.

दुसरं माप. ट्रेकिंगचं जॅकेट सायकलवर घालू नये असं नाही, पण ते उभ्या माणसासाठी बेतलेलं असतं. आपण वाकलेले. त्यामुळे पाठ उघडी पडते, बाह्या मनगटावरून मागे सरकतात आणि पोटापाशी कापडाचा फुगा होऊन शिडासारखा वारा धरतो. दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट पसंत करू नका. वाका, हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करा, आणि बरोबर आलेल्या माणसाला मागून बघायला सांगा: कंबर झाकली आहे का, बाही मनगटाच्या हाडापलीकडे जाते का? खांद्यावर मान वळवून मागे पाहा. हे टोपीसाठी महत्त्वाचं. टोपी हेल्मेटवर चढणारी असेल आणि मान वळवल्यावर ती डोक्याबरोबर वळत नसेल तर मागचं वाहन बघायला जाल आणि टोपीचं अस्तर बघून याल. मला स्वतःला टोपी नकोच असते. हेल्मेटखाली लहान छज्जाची कॅप आणि उंच, मऊ कॉलर पुरते. छज्जामुळे डोळ्यांत पाणीही कमी येतं.

बाहीबद्दल एक बारीक गोष्ट, जिच्यापायी पुष्कळ लोक भिजतात. हँडलवर हात ठेवला की तो मनगटाकडे उतरता असतो, म्हणून पाणी बाहीवरून हाताकडे वाहतं. हातमोजा बाहीच्या वर घातला की तो वाटीसारखा भरतो. बाही मोज्याच्या वर हवी. आणि आतल्या शर्टाची बाही अर्धा इंचसुद्धा बाहेर डोकावू देऊ नका, ती वातीसारखी पाणी आत वर ओढत कोपरापर्यंत नेते. कमरेशी शर्टाचं टोक बाहेर राहिलं तरी तेच. सुती शर्ट असेल तर ही वात फारच इमानदारीने काम करते, म्हणून आत सुती नको. पातळ लोकर किंवा सिंथेटिक घाला. लोकर ओली झाली तरी गार लागायला वेळ लावते.

शिवणींवर आतून पट्टी सगळीकडे आहे की फक्त खांद्या-छातीवर, ते उलटं करून बघा. रोजच्या पाऊण तासाला अर्धवट पट्टी चालते, पाच तासांना नाही. थरांचं म्हणाल तर अडीच थरांचं, म्हणजे आत अस्तराऐवजी नुसता पातळ लेप असलेलं, हलकं, घडी करून मागच्या खिशात मावणारं असतं, पण ओल्या हाताला आतून चिकटतं आणि टिकतं कमी. तीन थरांचं, म्हणजे आत अस्तरही चिकटवलेलं, जरा जड, पण सॅकचं घासणं सोसतं आणि आतून कोरडं लागतं. पडदाच सगळ्यात बाहेर असलेली जॅकेटंही आली होती. गोरची शेकड्राय त्यातली प्रसिद्ध. बाहेर कापडच नाही म्हटल्यावर कापड ओलं व्हायचा प्रश्न नाही. पण ती नाजूक, सॅकखाली घालण्यासारखी नाहीत, आणि त्यांचं उत्पादन आता थांबलं आहे.

आणि वॉटरप्रूफ हवंच का, हेही विचारा. १७ मार्च २०१३ च्या इटलीतल्या मिलान-सान रेमो सायकल शर्यतीत इतका बर्फ पडला की शर्यत मधेच थांबवून रायडरांना बसमधून पुढे न्यावं लागलं. त्या दिवशी कास्तेली या कंपनीची गाब्बा ही आखूड बाह्यांची, वारा अडवणारी, पाणी बऱ्यापैकी झटकणारी पण पूर्ण वॉटरप्रूफ नसलेली जर्सी गाजली. दुसऱ्या कंपन्यांशी करार असलेल्या संघांतल्या काही रायडरांनी तिचा लोगो काळा करून ती घातली होती. जोरात पाय मारणाऱ्याला कोरडं राहण्यापेक्षा उबदार-ओलं राहणं परवडतं. अंगाला घट्ट, वारा अडवणारं काही असलं की आतलं पाणी अंगाच्या ऊबेने कोमट राहतं. मात्र थांबलात की खेळ संपला. पंक्चर काढायला वीस मिनिटं लागली तर अशा कपड्यात गारठाल. म्हणून लांब राईडला मी अशा जर्सीबरोबर पातळ वॉटरप्रूफ खिशात ठेवतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. भडक पिवळा-नारिंगी दिवसा, ढगाळ उजेडात फार कामाचा, कारण तो अतिनील किरणांवर उजळतो. रात्री रस्त्याच्या दिव्याखाली त्याची ती चमक राहत नाही. तिथे वाहनाचा प्रकाश परत पाठवणाऱ्या चकाकत्या पट्ट्या हव्यात. पण तुमच्या पाठीवर सॅक आहे! जॅकेटच्या पाठीवर कितीही पट्ट्या असोत, त्या सॅकखाली जाणार. बाह्यांवर आणि कमरेखाली आहेत का ते बघा, आणि घोट्याला एक पट्टी बांधा. वर-खाली होणारा पाय लगेच ओळखू येतो की पुढे सायकल आहे.

जॅकेटचं एवढं बोललो, पण तुमच्या सायकलला मडगार्ड आहेत का, हे तुम्ही सांगितलेलं नाही. नसतील तर मी आधी ते लावीन. पाऊस थांबून तास झाला तरी ओल्या रस्त्यावर मागचं चाक पाठीवर चिखलाची रेघ ओढत राहतं, आणि पुढचं चाक पायांवर आणि तोंडावर पाणी मारत राहतं. ते पाणी घाणेरडं, तेलकट असतं. जॅकेटच्या लेपाचा घात तेच करतं. पूर्ण लांबीचे, पुढच्याला खाली रबरी झडप असलेले मडगार्ड घ्या. आणि सायकलला कॅरिअर बसत असेल तर लॅपटॉप पाठीवरून तिथे हलवा. पाठ मोकळी झाली की घाम कमी, जॅकेटचे खांदे शाबूत, आणि मागच्या पट्ट्या दिसतात.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात जॅकेट धुऊन, ऊब देऊन नळाखाली धरलं असतं, मडगार्ड लावले असते आणि कोरड्या दिवसाची ती चाचणी केली असती. त्यानंतरही नवीन घ्यायचंच ठरलं तर ऑफिससाठी तीन थरांचं, काखेत झिपा आणि दोन्हीकडून उघडणारी मुख्य झिप असलेलं, पाठीला लांब. त्यावर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी चालेल. रविवारसाठी वेगळं घ्यायची घाई नको. आधी तेच घालून एक लांब चढ झिप उघडी ठेवून करून बघा, आणि माथ्यावर शर्ट किती ओला होता ते कळवा. तुमच्याकडे पाऊस गार असतो की उबदार, तेही लिहा. त्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे अंदाज होईल.